गुरुवारची बंद खोली

हेडबाई नोकरीला माणूस घ्यायच्या तेव्हा त्याची पदवी नंतर बघायच्या. आधी त्याला डुगडुगत्या खुर्चीवर बसवायच्या.

ही खुर्ची त्यांच्या ऑफिसात मुद्दाम राखलेली होती. एक पाय बोटभर आखूड. उमेदवार बसला की खुर्ची एकीकडे कलायची, आणि बाई समोरून अगदी साळसूद चेहऱ्याने विचारायच्या, "हं, बोला. या कामात का यावंसं वाटलं?" कोणी तोल सांभाळत, घाम पुसत आयुष्याचं ध्येय सांगायचा. कोणी हसून म्हणायचा, "बाई, खुर्ची हलतेय हो तुमची." या दुसऱ्याला नोकरी. बाईंचं गणित सरळ होतं. ज्याला साध्या खुर्चीबद्दल तोंड उघडता येत नाही, तो समोर रडणाऱ्या माणसाला खरं काय सांगणार?

नवी आली आणि या परीक्षेचाच विचका झाला. तिने तक्रार केली नाही आणि तोलही सांभाळत बसली नाही. बसली, उठली, पर्समधून बसचं जुनं तिकीट काढलं, त्याची चौघडी केली, खुर्चीच्या पायाखाली सरकवली आणि पुन्हा बसून म्हणाली, "हं, विचारा."

हेडबाईंनी तिला घेतलं. घ्यावंच लागलं, इतकं शांत माणूस वर्षभरात त्यांच्यासमोर बसलं नव्हतं. पण त्याच क्षणी मनात पाल चुकचुकली. न बोलता पाचर मारणारी बाई. आज खुर्चीखाली मारली, उद्या कुठे मारेल?

बाईंचं समुपदेशन केंद्र चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. चार खोल्या, मधून लांबट बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी काकांचं टेबल. काका टपालखात्यातून निवृत्त झालेले. फोन घेणं, लोकांना वेळा देणं हे त्यांचं काम. पण खरी कला निराळीच. रडून बाहेर आलेल्या माणसापुढे पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि त्याच्याकडे अजिबात बघायचं नाही, हे काकांइतकं सुरेख कोणाला जमत नसे.

प्रत्येक खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर एक गोल डबी असायची. बटण दाबलं की ती एकसुरी घूं घूं करायची, म्हणजे आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नसे. सगळे तिला भुंगा म्हणत. भुंगा चालू असला की त्या दाराशी कोणी रेंगाळायचं नाही, त्याला हात तर मुळीच लावायचा नाही, हा केंद्राचा पहिला नियम. तो हेडबाईंनीच केलेला. येणारी माणसं मन उघडतात ती या घूं घूंच्या भरवशावर, असं त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायच्या. सांगताना आवाज असा खाली आणायच्या की ऐकणारा आपोआप पुढे वाकायचा.

पूर्वी त्या शाळेत शिकवत. मुख्याध्यापिका कधी झाल्या नाहीत, पण चालच अशी की केंद्रातल्या मंडळींनी मागून हेडबाई म्हणायला सुरुवात केली. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं. बाई म्हणाल्या, "चला, शाळेने दिली नाही ती बढती तुम्ही दिलीत."

माणसाचा चेहरा वाचायची विद्या त्यांना जन्माचीच. पाच भावंडांत थोरल्या. घरात साखरेचा डबा रिकामा झाला की आई बाकीच्या चौघांना ओळीने उभं करायची आणि हिला म्हणायची, "बघ गं, कोण ते." ही एकेकाच्या डोळ्यांत बघायची आणि बोट दाखवायची. बोट कधी चुकलं नाही. पुढे तीच विद्या पोटापाण्याची झाली, शेकडो माणसांच्या उपयोगी पडली. रस्त्यात बाया त्यांना थांबवून त्यांचे हात हातात घ्यायच्या, ते उगाच नाही. मात्र लहानपणी भावंडं तिच्याशी फारशी खेळत नसत, हेही खरं.

सहा वर्षांपूर्वी हे बोट पहिल्यांदा चुकलं. केंद्र त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणीने मिळून काढलं होतं. दोघी कॉलेजपासूनच्या. एकीने वाक्य सुरू करावं आणि दुसरीने संपवावं अशी जोडी. आणि एका सोमवारी मैत्रीण तीन समुपदेशक घेऊन वेगळी झाली. त्यांच्या मागे त्यांच्याकडे येणारी माणसंही गेली. हेडबाई त्या दिवशी बोळात उभ्या होत्या. चारही खोल्यांचे भुंगे गप्प होते.

त्यानंतर त्यांनी केंद्र पुन्हा उभं केलं, पण एक धडा पक्का झाला. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, हेडबाई पाणीसुद्धा फुंकू लागल्या. कोण कोणाबरोबर जिना उतरलं, कोणाचा फोन आपण आल्यावर बंद झाला, सगळं टिपायच्या. नेमणूक त्यांच्या हातात, कायम करणं त्यांच्या हातात, आणि मंगळवारची बैठकही त्यांनी आपल्याच हातात ठेवली.

ही बैठक म्हणजे या धंद्याचा कणा. समुपदेशक दिवसभर लोकांची दुःखं ऐकतो. आपण कुठे अडलो, कुठे चुकलो, हे त्याने आठवड्यातून एकदा कोणा जाणत्यापुढे ठेवायचं असतं. नाव घ्यायचं नाही, फक्त गुंता मांडायचा. हेडबाई ती बैठक अगदी मन लावून घेत.

आणि तिथेच त्यांना पहिला वास आला.

नवी येऊन तीनेक महिने झाले असतील. रोज उशिरा येणाऱ्या वेणीवाली समुपदेशकेला बाईंनी नुकतंच घरी पाठवलं होतं. मंगळवारी सगळं गोड होऊ लागलं. दाढीवाला नवरा-बायकोची भांडणं सोडवायचा. अडला की कानाची पाळी ओढायची ही त्याची जुनी खोड. तो आता हात मांडीवर ठेवून सांगू लागला, "ठीक चाललंय. दोघंही प्रगती करताहेत." खेळवाली लहान मुलांबरोबर काम करायची, तिची खोली बाहुल्यांनी आणि ठोकळ्यांनी भरलेली. तीही म्हणायची, "मस्त चाललंय, बाई." नवी तर मुळातच कमी बोलायची. पाठ केलेली वाक्यं कशी असतात? शब्द बरोबर, श्वास चुकीच्या जागी. हेडबाईंना ते लगेच कळलं. ही मंडळी खोटं बोलताहेत. ज्याच्या हातून काहीच चुकत नाही असा समुपदेशक एकतर काम करत नाही, नाहीतर लपवतो.

लपवायचं कशासाठी? उत्तर त्यांच्याकडे सहा वर्षं तयारच होतं.

मग बाकीचं दिसू लागलं. त्या चहाला गेल्या की गप्पांचं तोंड वळायचं, एकदम पाऊस, वाहतूक, दाढीवाल्याचे नवे बूट. आणि दर गुरुवारी दुपारी तिघंही नवीच्या खोलीत. दार बंद, बाहेर भुंगा चालू, आणि काकांनी लावलेल्या वेळांत त्या तासाला त्या खोलीत कोणीच नाही.

"काका, गुरुवारी काय असतं हो तिथे?"

"जेवत असतील, बाई."

"भुंगा लावून?"

"काही लोकांना जेवताना आवाज आवडत नाही," काका म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले. टोक आधीच होतं.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा बसचालक होता, आता निवृत्त. स्वयंपाकघराचा ताबा त्याने घेतला होता आणि तिथेही हॉर्न दिल्यासारखा मोठ्याने बोलायचा.

"अहो, ते निघणार आहेत. ती नवी त्यांना घेऊन जाणार."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला दिसतंय."

"तुला सहा वर्षं तेच दिसतंय. अगं, आरशात बघून गाडी मागे घेता येते, पुढे नेता येत नाही."

"तुम्ही कांदा कापा."

"कापतोय. डोळ्यांत पाणी माझ्याही आहे, पण मला कारण तरी माहीत आहे."

नवीच्या सहा महिन्यांच्या प्रोबेशनचा शेवटचा महिना सुरू होत होता. हेडबाईंनी मनाशी ठरवलं, तिला कायम करायचं नाही. सोमवारी बोलवायचं आणि सांगायचं, 'तुझ्या कामात खोट नाही, पण आपलं जमणार नाही.' वाक्य त्यांनी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं उतरलं. कट मुळाशी तोडला की बाकीचे दोघं जागेवर राहतील, केंद्र वाचेल.

पण मनात कुठेतरी खात्री हवी होती. त्या गुरुवारी हेडबाई 'बँकेत जाते' म्हणून निघाल्या आणि समोरच्या फुटपाथवर फळवाल्याच्या गाडीआड उभ्या राहिल्या. वय छप्पन्न, हातात विकत न घेतलेली चार सफरचंदं.

"बाई, दाबून बघू नका, डाग पडतो," फळवाला म्हणाला.

तेवढ्यात गल्लीतून एक ओळखीची चाल आली. जरा फेंगडी, डावा खांदा खाली. त्यांची मैत्रीण! ती इकडेतिकडे बघून इमारतीच्या मागच्या जिन्याने वर गेली.

हेडबाईंचे कान तापले. म्हणजे हे नुसतं बंड नाही. जुनी चोरी, जुनाच चोर. त्यांनी सफरचंदं खाली ठेवली आणि पुढच्या जिन्याने वर आल्या. काकांनी त्यांना पाहिलं आणि अर्धे उभे राहिले. "बाई, बँक..."

"बसा."

बोळाच्या टोकाशी नवीच्या खोलीबाहेर भुंगा घूं घूं करत होता. त्यांनी दाराला कान लावला. काहीच नाही. यंत्र त्यांनीच पारखून आणलं होतं, सगळ्यात चांगलं. आता ते त्यांच्यावरच उलटलं होतं. त्या वाकल्या. गुडघा कटकन वाजला. वीस वर्षांत कोणी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. चालू भुंग्याचं बटण दाबलं.

घूं घूं थांबलं आणि दाढीवाल्याचा आवाज स्पष्ट आला. तो भरून आला होता.

"...चार महिने मी त्या बाईला समजुतीने घ्या म्हणून सांगत होतो हो. नवरा समोर बसून हसायचा, मला वाटायचं माणूस मोकळा आहे. काल तिने बाही वर केली. सगळा हात काळानिळा. मला आधी दिसायला हवं होतं. आणि मंगळवारी हे बोललो तर वेणीवालीसारखा मीही..."

वाक्य मधेच तुटलं. बोलणारा थांबला, ऐकणारेही थांबले. त्या केंद्रात भुंग्याचा आवाज कोणी ऐकत नसे, पण तो थांबला की सगळ्यांना ऐकू येई.

दार उघडलं. दारात नवी होती. तिने हेडबाईंच्या तोंडाकडे बघितलं नाही, आधी जमिनीकडे बघितलं. भुंग्याकडे.

"बाई, तुम्ही बँकेत होता ना?" आतून खेळवालीने विचारलं.

"बंद होती."

"गुरुवारी?"

हेडबाई मैत्रिणीकडे बघत होत्या. ती खिडकीजवळ बसली होती, केस बरेच पिकलेले. "सहा वर्षांपूर्वी तीन नेलेस," त्या म्हणाल्या, "आता उरलेले न्यायला आलीस? तेही मागच्या जिन्याने?"

"अगं, नेलेल्या तिघांतले दोघं मला सोडून कधीच गेले! आहेत तेच सांभाळताना नाकी नऊ येतात. तुझे घेऊन काय करू?" मैत्रीण म्हणाली. "पुढच्या जिन्यावर तुझे काका बसतात. त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हटलं त्यांना दिसूच नये."

"मग येतेस कशाला?"

"मी बोलावलं," नवी म्हणाली. "या माझ्या शिक्षिका. आमच्या चुका ऐकायला येतात."

"चुका ऐकायला मी आहे! दर मंगळवारी!"

दाढीवाला कानाची पाळी ओढत होता. दोनेक महिन्यांनी हेडबाईंना ती खोड दिसली आणि रागातही त्यांच्यातली जुनी समुपदेशक जागी झाली. "ती बाई आज कुठे आहे?" त्यांनी त्याला विचारलं.

"बहिणीकडे. मुलांसकट."

"नवऱ्याला पत्ता?"

"नाही. आणि आता दोघांना एकत्र बसवणार नाही, हे आत्ताच ठरलं."

"बरोबर ठरलं. पण मला का नाही सांगितलंत?"

दाढीवाल्याने खेळवालीकडे बघितलं. खेळवाली म्हणाली, "वेणीवालीने सांगितलं होतं, बाई. भर बैठकीत, की मी एका मुलाला नुसते सल्ले दिले आणि तो यायचा बंद झाला. महिनाभरात ती घरी."

"ती रोज उशिरा यायची! मी तिला त्यासाठी काढलं."

"असेलही," नवी म्हणाली. "पण आम्हाला कसं कळणार? मंगळवारी ज्या हातावर चूक ठेवायची, महिन्याअखेरी त्याच हाताने तुम्ही सही करता. माणूस त्या हातावर गोड गोडच ठेवतो."

वेणीवालीला हेडबाईंनी खरंच उशिरासाठी काढलं होतं. निदान त्यांना तसंच वाटत होतं. पण सही करताना तो यायचा बंद झालेला मुलगा डोळ्यांपुढे नव्हता, हे आज त्यांना छातीठोकपणे सांगता येईना.

"आत ये, बस," मैत्रीण म्हणाली. "आलीच आहेस तर उभी का?"

"नाही," नवी दारातून हलली नाही. "त्या आत येणार नाहीत. त्यांनी चालू भुंगा बंद केलाय. मी ही नोकरी सोडतेय, बाई. मला कोणी बाहेरून ऐकत असेल तर इथे येणाऱ्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू, की बोला, इथे तुमचं गुपित सुरक्षित आहे?"

हाच निरोप हेडबाई सोमवारी देणार होत्या, जवळजवळ हाच. आपलं जमणार नाही. आरशासमोर त्या ते म्हणाल्या तेव्हा मनात समोर नवी होती. आता नवी बोलत होती आणि समोर त्या होत्या. मागे दाढीवाला आणि खेळवाली नजर चुकवत होते, आणि ज्यांची नजर अशी चुकते त्यांचं पुढे काय ठरतं, ते चेहरा वाचणाऱ्या बाईला कळत होतं. नवी गेली तर हे दोघंही जातील. सहा वर्षं ज्या दाराला कुलपं लावली, ते त्यांनी आज स्वतःच्या बोटाने उघडलं होतं.

त्या पुन्हा वाकल्या. भुंगा लावला. "आधी त्या बाईचं पूर्ण ठरवा," म्हणाल्या. "बाकीचं उद्या." आणि दार ओढून घेतलं.

काकांच्या टेबलाशी येऊन त्या येणाऱ्यांच्या खुर्चीवर बसल्या. काकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या रात्री नवऱ्याने एकही टोमणा मारला नाही. ताट वाढलं आणि एवढंच विचारलं, "गाडी चालू आहे का बंद?" बाई म्हणाल्या, "माहीत नाही. उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीला बोलावलं नाही, तिच्या खोलीशी गेल्या. दार उघडं होतं, तरी टकटक केली.

"सोमवारी मी तुला काढणार होते," त्या म्हणाल्या.

"मला माहीत होतं. तुम्ही दोन दिवस माझ्याशी फार गोड बोलत होता."

बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी आत ठेवलं. "मंगळवारची बैठक मी सोडते. ती माझी मैत्रीण घेईल, पुढच्या जिन्याने येऊन. मी माणसं नेमीन, रजा बघीन, खोल्या बघीन. आत काय बोललात ते विचारणार नाही. तिलाही नाही. फक्त कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला लगेच कळलं पाहिजे."

"ते बरोबर आहे. आणि तुम्ही तुमच्या चुका कोणाकडे नेणार? तुम्हीही रोज चार माणसं बघता."

सहा वर्षांत बाईंनी कुणापुढेच काही ठेवलं नव्हतं. "तुमच्या बैठकीत येऊ का?"

"नाही. तुम्ही मालक आहात. आलात की सगळं पुन्हा गोड होईल."

"मग?"

"माझ्या शिक्षिकेकडे जा. त्यांच्या जिन्याने."

बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. हीच ती पाचर मारणारी. अजूनही त्यांना तिचा चेहरा पूर्ण वाचता येत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेच त्यांना खुपत होतं. "जाईन," त्या शेवटी म्हणाल्या. "तू राहतेस का?"

"माझं प्रोबेशन पुढच्या महिन्यात संपतं," नवी म्हणाली. "तुमचं आजपासून. सहा महिने. मग बघू."

वीस वर्षांत कित्येक माणसं नेमलेल्या हेडबाईंना पहिल्यांदाच कोणी तात्पुरतं नेमलं. "बरं," त्या म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी मैत्रीण पुढच्या जिन्याने आली. दोघी बोळात समोरासमोर आल्या. "वजन वाढलंय तुझं," हेडबाई म्हणाल्या. "तुझं कुठे कमी झालंय," ती म्हणाली आणि आत गेली. दार लागलं, भुंगा सुरू झाला. हेडबाई काकांच्या टेबलाशी रजेचे अर्ज बघत बसल्या. थोड्या वेळाने बंद दारामागून, घूं घूंवर मात करून, सगळेजण खदाखदा हसल्याचा आवाज आला.

त्यांची मान वर झाली. "काका, कशावर हसताहेत हो हे?"

काका टोकदार पेन्सिलीला टोक काढू लागले.

"माझ्यावरच असणार," हेडबाई म्हणाल्या. "नाही का?"

"असेल, बाई."

दार तिथून अगदी जवळ होतं. हेडबाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. काकांचा हात थांबला. क्षणभर तशाच राहिल्या, मग खाली बसल्या, खुर्ची दाराकडे पाठ येईल अशी वळवली आणि पुढचा अर्ज उचलला.